शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी: अर्जातील नोंदीपासून उत्तरसूची पडताळण्यापर्यंत

मुंबईतील अनेक घरांत शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी म्हणजे प्रश्नपत्रिकांचा जाडजूड संच विकत आणणे आणि मुलाकडून रोज एक पेपर सोडवून घेणे असा अर्थ घेतला जातो. पालक जीव तोडून मेहनत घेतात, मूलही बसते, तरीही गुण एका जागी अडकून राहतात. याचे कारण बहुतेक वेळा कामांच्या क्रमात असते. पाया तपासण्याआधी पेपर सुरू होतात, चुका न पाहता पुढचा पेपर हाती घेतला जातो आणि उत्तरपत्रिकेतील गोल भरण्याचा सराव शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. हा लेख महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेला धरून लिहिला आहे. त्यातील बराचसा भाग आठवीच्या एनएमएमएस परीक्षेसाठी (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा) किंवा गोल भरून उत्तरे द्यायच्या इतर परीक्षांसाठीही लागू पडेल.

## टप्पा १: परीक्षेचे स्वरूप कागदावर लिहून काढा

पहिले काम पालकांचे आहे. यंदा परीक्षा कोणत्या इयत्तेसाठी आहे, हे परिषदेच्या चालू वर्षाच्या अधिसूचनेतूनच पाहावे. अनेक वर्षे ही परीक्षा पाचवी आणि आठवीसाठी होत होती. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी आणि सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे शेजारच्या मुलाच्या जुन्या पुस्तकांवर किंवा मोठ्या भावंडाच्या अनुभवावर विसंबून अभ्यासक्रम ठरवू नये.

परीक्षेत दोन पेपर असतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला पहिल्या पेपरमध्ये प्रथम भाषा मराठीचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न असतात. दुसऱ्या पेपरमध्ये इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला २ गुण, म्हणजे प्रत्येक पेपर ७५ प्रश्नांचा, १५० गुणांचा आणि ९० मिनिटांचा होतो. पात्र ठरण्यासाठी प्रत्येक पेपरमध्ये स्वतंत्रपणे किमान ४० टक्के, म्हणजे ६० गुण लागतात. गणितात हुशार असलेल्या मुलाचा दुसऱ्या पेपरकडे कानाडोळा होतो आणि एकूण गुण चांगले असूनही ते अपात्र ठरते. हे टाळण्यासाठी आठवड्याचे वेळापत्रक दोन्ही पेपरांना सारखा वेळ देणारे असावे.

पात्र होणे आणि शिष्यवृत्तीधारक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्र विद्यार्थ्यांपैकी गुणवत्ता यादीत येणाऱ्यांनाच शिष्यवृत्ती मिळते. हा फरक मुलाला आधीच समजावून सांगितला, तर निकालाच्या दिवशी पात्र ठरलेले मूल स्वतःला नापास समजत नाही.

आवेदनपत्र शाळेमार्फत ऑनलाइन भरले जाते, म्हणून पालक त्याकडे पाहतच नाहीत. शाळेकडून भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी आणि मुलाचे नाव, जन्मतारीख, माध्यम, सेमी इंग्रजीची नोंद आणि प्रवर्ग या गोष्टी शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदींशी पडताळून पाहाव्यात. मुंबईत एकाच शाळेत मराठी आणि सेमी इंग्रजी अशा दोन्ही तुकड्या असतात. तुकडीप्रमाणे नोंद झाली नाही, तर मुलाने ज्या भाषेत गणित शिकले त्या भाषेत प्रश्न समोर येतीलच असे नाही. दिव्यांग विद्यार्थ्याला मिळणाऱ्या सवलतींची मागणीही अर्ज भरतानाच करावी लागते. परीक्षेच्या सकाळी केंद्रावर प्रमाणपत्र दाखवून ते काम होत नाही.

तपासा: अर्जाची प्रत, अधिसूचनेतील अभ्यासक्रम आणि गुणविभागणी हे तिन्ही कागद एका फाइलमध्ये आले का? ते आल्याखेरीज पुस्तके विकत घेऊ नयेत.

## टप्पा २: पेपर हाती देण्याआधी पाया तपासा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून गणपतीच्या सुट्टीपर्यंतचा काळ पायासाठी ठेवावा. या काळात शिष्यवृत्तीचे पुस्तक बंद असले तरी चालेल. पाया तपासायला मोठी चाचणी लागत नाही. पुढील गोष्टी चार-पाच दिवसांत, संध्याकाळी थोडा थोडा वेळ बसून पाहता येतात.

पाढे ओळीने म्हणायला न लावता मधूनच विचारावेत. सतरा पाचे किती, चौदा आठे किती, असे विचारल्यावर मूल पहिल्यापासून पाढा म्हणत वर चढत असेल, तर तो पाढा पाठ आहे असे धरू नये. त्यानंतर काही संख्या तोंडी सांगून अंकांत लिहायला सांगाव्यात. ‘चाळीस हजार सत्तर’ ही संख्या अनेक मुले ४,०७० किंवा ४०,७०० अशी लिहितात. स्थानिक किंमत पक्की नसल्याची ही खूण आहे आणि त्यावर उभे असलेले पुढचे दहा घटक डळमळीत राहतात. सेमी इंग्रजीच्या मुलांना एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी या संख्या ऐकताना गोंधळ होतो. त्यांच्यासाठी मराठी संख्यानामांचा तक्ता भिंतीवर लावून रोज दहा संख्या विचारणे हाच उपाय आहे.

भाषेसाठी पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्यावा. वर्तमानपत्रातील छोटी बातमी चालेल. वाचून झाल्यावर बातमी झाकून, काय घडले, कुठे घडले आणि का घडले, एवढेच विचारावे. वाचनाचा वेग कमी असेल, तर शिष्यवृत्तीच्या गणितातही मूल मागे पडते, कारण तिथले निम्मे प्रश्न शाब्दिक उदाहरणांचे असतात आणि मुलाचा वेळ आकडेमोडीआधी प्रश्न समजून घेण्यातच जातो. ज्या मुलाला रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचायची सवय लावली जाते, त्याचा फायदा चारही विषयांत दिसतो. माझ्या मते संपूर्ण तयारीत याच्याइतके स्वस्त आणि याच्याइतके दुर्लक्षित साधन दुसरे नाही.

सावधान: पाया कच्चा दिसला म्हणून मुलासमोर ‘अजून एवढेही येत नाही’ असे म्हणू नये. ही तपासणी तुमचे वेळापत्रक ठरवण्यासाठी आहे.

## टप्पा ३: एक घटक, एक आठवडा

गणपतीनंतर दिवाळीपर्यंत घटकवार सराव करावा. एका आठवड्यात गणिताचा एक आणि बुद्धिमत्ता चाचणीचा एक घटक घ्यावा. भाषा आणि इंग्रजी रोज थोडे थोडे चालू राहावे. गणिताचे वर्गात शिकवून झालेले घटक आधी निवडावेत. शाळेत अजून न शिकवलेला अपूर्णांकांचा धडा केवळ पुस्तकात आधी आला म्हणून घरी घाईने उरकल्यास मूल रीत पाठ करते आणि पुढे वर्गात त्याचे लक्ष लागत नाही.

घटक घेण्याचा क्रम असा ठेवावा: आधी पाठ्यपुस्तकातील संकल्पना, मग पाच सोडवलेली उदाहरणे, त्यानंतर पर्याय झाकून दहा प्रश्न आणि शेवटी पर्यायांसह वीस प्रश्न. यातली पर्याय झाकण्याची पायरी जवळपास सगळेच गाळतात. पर्याय सुरुवातीपासून समोर असले, की मूल उत्तर काढण्याऐवजी अंदाज बांधू लागते, आणि घरी ती सवय लक्षात येत नाही कारण चारातले एखादे उत्तर बरोबर निघतच असते.

पर्यायांचा खरा उपयोग नंतर शिकवावा. उदाहरणार्थ, ३९८ × ५२ हा गुणाकार आहे आणि पर्याय २०,६९४, २०,६९६, २,६९६ आणि २६,६९६ असे आहेत. ३९८ म्हणजे जवळपास ४००, आणि ४०० × ५२ म्हणजे २०,८००, म्हणून उत्तर त्याहून किंचित कमी असणार. शेवटच्या अंकांचा गुणाकार ८ × २ = १६, म्हणून उत्तराच्या एककस्थानी ६ असणार. या दोन अटींत फक्त २०,६९६ बसते. अशी रीत ज्या मुलाला मुळात गुणाकार येतो त्याचाच वेळ वाचवते. ज्याला गुणाकार येत नाही त्याच्यासाठी ती अंदाज बांधण्याचे निमित्त ठरते.

बुद्धिमत्ता चाचणीत वेगळे पद ओळखणे, समसंबंध, क्रम पूर्ण करणे, सांकेतिक भाषा, रांगेतील स्थान, दिनदर्शिका, आरशातील प्रतिमा आणि पाण्यातील प्रतिबिंब असे घटक येतात. हे शाळेच्या नेहमीच्या विषयांत नसल्यामुळे पालक युक्त्या पाठ करून घेतात. त्याऐवजी वस्तू हातात द्याव्यात. मुलाने कागदावर ‘क’, ‘म’, ‘र’ ही अक्षरे लिहून ती खऱ्या आरशासमोर धरावीत आणि दिसले ते काढावे. आरसा बाजूला धरला की डावे-उजवे बदलते, कागदाच्या खाली आडवा ठेवला की वर-खाली बदलते, हे त्याने आठवडाभर स्वतः पाहिले, तर आकृत्यांच्या प्रश्नांत गोंधळ उरत नाही.

रांगेच्या प्रश्नांचेही तसेच आहे. ‘एक मुलगी रांगेत दोन्ही बाजूंनी तेरावी आहे, तर रांगेत एकूण किती मुली?’ या प्रश्नाला २६ असे उत्तर हमखास येते, कारण ती मुलगी दोनदा मोजली जाते. सूत्र सांगण्याआधी सात बटणे ओळीने मांडून मधले बटण दोन्ही बाजूंनी चौथे येते हे दाखवावे. ४ + ४ − १ = ७ हे मुलाला बटणांत दिसले, की १३ + १३ − १ = २५ पर्यंत ते स्वतः पोहोचते.

तपासा: आठवड्याच्या शेवटी त्या घटकाचे वीसपैकी किमान सोळा प्रश्न, वेळेचे बंधन न ठेवता, बरोबर येतात का? येत नसतील तर पुढचा घटक लांबवावा. वेळापत्रक मागे पडले तरी हरकत नाही.

## टप्पा ४: प्रश्न वाचण्याची शिस्त लावा

दिवाळीच्या सुट्टीत मिश्र सराव सुरू होतो आणि इथेच, येत असलेले प्रश्न चुकायला लागतात. पालक याला ‘निष्काळजीपणा’ म्हणतात आणि नीट लक्ष देऊन वाच असे बजावतात. त्या सूचनेने काही बदलत नाही, कारण नीट वाचणे म्हणजे नेमके काय करणे, हे मुलाला कुणी दाखवलेले नसते.

पुढील दोन प्रश्न मुलासमोर एकाखाली एक ठेवावेत. ‘१ ते १०० या संख्यांमध्ये ७ हा अंक किती वेळा येतो?’ आणि ‘१ ते १०० मध्ये ७ हा अंक असलेल्या संख्या किती?’ पहिल्याचे उत्तर २० आहे, दुसऱ्याचे १९. ७७ या संख्येत ७ दोनदा येतो, पण संख्या म्हणून ती एकदाच मोजली जाते. अशा प्रश्नाच्या पर्यायांत १९ आणि २० हे दोन्ही आकडे हजर असतात. नुसते ‘७’ आणि ‘१ ते १००’ एवढेच वाचून पाठ केलेला आकडा शोधणारे मूल तिथे फसते, आणि त्याला मोजता येत नव्हते असे म्हणता येत नाही.

म्हणून प्रत्येक प्रश्नाबाबत तीन कृतींची सवय लावावी. पहिली, प्रश्नाचे शेवटचे वाक्य आधी वाचणे, म्हणजे काय विचारले आहे ते कळते. दुसरी, ‘नसलेला’, ‘वगळून’, ‘चुकीचा’, ‘सर्वांत लहान’, ‘किती वेळा’ अशा उलट-सुलट करणाऱ्या शब्दांवर बोट ठेवणे. तिसरी, उत्तर मिळाल्यावर प्रश्नाचे ते शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचणे. सुरुवातीला हे सारे मोठ्याने करून घ्यावे. दोन-तीन आठवड्यांत ते मनातल्या मनात होऊ लागते आणि वेळही फारसा जात नाही.

उताऱ्यावरील प्रश्नांसाठी क्रम उलटा करावा. प्रश्न एकदा नजरेखालून घालावेत, मग उतारा पूर्ण वाचावा आणि प्रत्येक उत्तर ज्या ओळीतून मिळाले त्या ओळीवर बोट ठेवावे. मुलाला विषयाची बाहेरची माहिती असली, की ते उताऱ्यात न दिलेले उत्तर निवडते. वाचनाची आवड असलेल्या मुलांकडून ही चूक जास्त होते.

आठवीसाठी होत असलेल्या परीक्षेत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत. असे प्रश्न एका पेपरमध्ये जास्तीत जास्त २० टक्के असत आणि दोन्ही पर्याय नोंदवणे बंधनकारक असे. ‘दोन अचूक पर्याय निवडा’ ही सूचना प्रश्नासोबतच दिलेली असे. पहिला बरोबर पर्याय सापडताच पुढे जाण्याची सवय असलेल्या मोठ्या मुलांनी, चारही पर्याय वाचल्याशिवाय एकही गोल भरू नये. सातवीच्या परीक्षेत अशी तरतूद आहे का, हे यंदाच्या अधिसूचनेत पाहून घ्यावे.

## टप्पा ५: उत्तरपत्रिका भरणे हा स्वतंत्र विषय समजा

चौथी-पाचवीतील बरीच मुले वर्षभर पेन्सिलने लिहितात. परीक्षेत मात्र काळ्या किंवा निळ्या शाईच्या बॉलपेनने गोल भरायचे असतात आणि भरलेला गोल खोडता येत नाही. व्हाइटनर लावणे, ब्लेडने खरवडणे किंवा दुसरा गोल भरून पहिल्यावर फुली मारणे यांपैकी काहीही चालत नाही. एका उत्तराच्या प्रश्नाला दोन गोल भरले, की तो प्रश्न गेलाच. हे सारे मुलाला परीक्षेच्या दिवशी प्रथमच कळू नये.

नोव्हेंबरपासून दर आठवड्याला गोल भरण्याचा सराव करावा. नमुना उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून घ्याव्यात. एक गोल भरायला पाच सेकंद धरले तरी ७५ गोलांना सव्वासहा मिनिटे लागतात. सवय नसलेले मूल गोलाच्या कडा रंगवण्यात याच्या दुप्पट वेळ घालवते. गोल मधून भरायला सुरुवात करून कडेपर्यंत जावे, शाई बाहेर जाऊ देऊ नये आणि पेन इतके दाबू नये की कागद फाटेल.

सर्वांत महाग पडणारी चूक ओळ सरकण्याची आहे. मूल १७वा प्रश्न सोडून १८व्याकडे वळते आणि त्याचे उत्तर १७च्या ओळीत भरते. पुढची सगळी उत्तरे एक ओळ वर सरकतात आणि शेवटी एक ओळ रिकामी राहिल्यावरच ते लक्षात येते. तोवर दुरुस्तीला वाव उरलेला नसतो. यासाठी पुढील पद्धत पाळावी.

१. प्रश्न सोडवल्याबरोबर लगेच गोल भरावा. सगळी उत्तरे शेवटी एकदम भरण्याची पद्धत लहान मुलांसाठी धोक्याची आहे.

२. गोल भरताना प्रश्नाचा क्रमांक आणि पर्यायाचा क्रमांक मनात म्हणावा: ‘अठरा, तीन’. डाव्या हाताचे बोट उत्तरपत्रिकेवरील त्या क्रमांकावर असावे. डावखुऱ्या मुलाने उजवे बोट वापरावे.

३. प्रश्न सोडायचा असेल, तर त्याचा क्रमांक प्रश्नपुस्तिकेतील कच्च्या कामाच्या जागेत लिहून ठेवावा. उत्तरपत्रिकेवर कोणतीही खूण करू नये.

४. दर पाच प्रश्नांनंतर शेवटचा भरलेला क्रमांक आणि प्रश्नपुस्तिकेतील क्रमांक जुळतो का, ते पाहावे.

प्रश्नपुस्तिकेचे संच ए, बी, सी, डी असे वेगवेगळे असतात. पुस्तिकेवरील संच आणि उत्तरपत्रिकेवर नोंदवलेला किंवा छापलेला संच एकच आहे ना, हे पहिला प्रश्न वाचण्याआधी पाहायचे. तो चुकला, तर सगळी उत्तरे दुसऱ्याच उत्तरसूचीने तपासली जातील. काही वेगळे आढळले, तर लगेच हात वर करून पर्यवेक्षकांना सांगायचे, हेही घरी एकदा करून दाखवावे. लाजाळू मूल चुकीचा संच तसाच घेऊन बसते, बोलत नाही.

सावधान: या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही ओळ रिकामी ठेवू नये. इतर परीक्षांचा नियम वेगळा असू शकतो. प्रत्येक परीक्षेच्या सूचना स्वतंत्र वाचाव्यात.

## टप्पा ६: वेळ लावून पूर्ण पेपर

पूर्ण पेपर डिसेंबरमध्ये सुरू करावेत, त्याआधी नाही. आठवड्याला एक दिवस, शक्यतो रविवारी, प्रत्यक्ष परीक्षेच्या वेळेला पहिला पेपर, मधली विश्रांती आणि दुसरा पेपर असे सर्व क्रमाने करावे. रोज पेपर घेणे निरुपयोगी आहे, कारण चुका दुरुस्त करायला मधले दिवसच उरत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत शाळेचे स्नेहसंमेलन आणि क्रीडा स्पर्धाही असतात. त्या रविवारी पेपर टाळला तर काही बिघडत नाही आणि मुलाला नाटकातून काढून तर मुळीच घेऊ नये.

९० मिनिटांत ७५ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. पहिल्या पेपरमध्ये भाषेला २५ मिनिटे, गणिताला ५५ आणि तपासणीला १० अशी विभागणी साधारणपणे जमते. दुसऱ्या पेपरमध्ये इंग्रजीला २० आणि बुद्धिमत्ता चाचणीला ६० मिनिटे द्यावीत. मुलाला वेळेचा हा हिशेब तोंडपाठ करायला लावू नये. घड्याळात २५ मिनिटे झाली की गणित सुरू झाले पाहिजे, एवढी एकच खूण पुरते. तिढ्याचा प्रश्न दोन मिनिटांहून जास्त वेळ खाऊ लागला, तर तो सोडून पुढे जायचे. अभ्यासू मुलांना हे सर्वांत अवघड जाते, कारण अर्धवट सोडणे त्यांना पटत नाही. त्यांना सांगावे की सोप्या आणि अवघड प्रश्नाला सारखेच दोन गुण आहेत.

वन रूम किचनमध्ये नव्वद मिनिटे पूर्ण शांतता मिळणे कठीण, हे मुंबईतील पालकांना सांगायला नको. तशी गरजही नाही. केंद्रावरही रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्या वर्गातील बाक सरकवल्याचे आवाज आणि पर्यवेक्षकांच्या सूचना चालू असतात. टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवावेत, बाकीचे नेहमीचे आवाज राहू द्यावेत. मूल पलंगावर किंवा जमिनीवर न बसता टेबलावर किंवा बाकावर बसावे आणि मध्येच पाणी मागायला उठू नये.

पेपर तपासल्यावर खरे काम सुरू होते. एक चुकांची वही करावी आणि प्रत्येक चुकीपुढे तिचा प्रकार मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावा. ‘प्रश्न ३१: किती संख्या विचारले होते, मी किती वेळा मोजले.’ ‘प्रश्न ४४: हातचा विसरलो.’ ‘प्रश्न ५८: घनाकृती येत नाही.’ ‘प्रश्न ७०: वेळ संपला.’ या चारही चुकांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिलीला टप्पा ४ मधील सवय, दुसरीला रोज पाच उभी उदाहरणे, तिसरीला टप्पा ३ मधील तो घटक पुन्हा आणि चौथीला प्रश्न सोडण्याचा सराव. नुसता ‘१५० पैकी ९८’ हा आकडा यातले काहीच सांगत नाही. पुढच्या पेपरआधी वहीतले चुकलेले प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवून घ्यावेत, तेही उत्तर न दाखवता.

तपासा: तीन पेपरांनंतर वही चाळून एकाच प्रकारच्या चुका वारंवार दिसतात का, ते पाहावे. दिसत असतील, तर चौथा पेपर पुढे ढकलून आधी त्या चुकांवर काम करावे.

## टप्पा ७: शेवटचा आठवडा

शेवटच्या सात दिवसांत नवा घटक घेऊ नये आणि नवे पुस्तक उघडू नये. चुकांची वही, पाढे, वर्ग-घनांचा तक्ता, म्हणी-वाक्प्रचार आणि इंग्रजी शब्दांची उजळणी पुरेशी आहे. शेवटचा पूर्ण पेपर परीक्षेच्या चार-पाच दिवस आधी व्हावा. आदल्या दिवशी पेपर घेतला आणि त्यात गुण कमी आले, तर मूल तोच आकडा मनात घेऊन केंद्रावर जाते.

प्रवेशपत्र शाळेकडून मिळते. त्यावर मुख्याध्यापकांची सही व शिक्का आहे ना, नाव आणि माध्यम बरोबर आहे ना, हे मिळाल्या दिवशीच पाहावे. चूक आढळली तर शाळेला लगेच लेखी कळवावे. प्रवेशपत्राच्या दोन झेरॉक्स काढून एक घरी ठेवावी.

## टप्पा ८: परीक्षेचा रविवार

ही परीक्षा साधारणपणे रविवारी असते. २०२४ मध्ये ती १८ फेब्रुवारीला आणि २०२५ मध्ये ९ फेब्रुवारीला झाली आणि हे दोन्ही रविवारच होते. मुंबईत रविवार म्हणजे लोकलचे बदललेले वेळापत्रक, मध्य आणि हार्बर मार्गांवरचा मेगाब्लॉक आणि पश्चिम रेल्वेवरचा जम्बोब्लॉक. केंद्र दुसऱ्या उपनगरात आले असेल, तर शुक्रवारी-शनिवारीच ब्लॉकचे वेळापत्रक पाहावे आणि परतीच्या प्रवासाचाही विचार करावा, कारण ब्लॉक बहुधा दुपारी असतो. आधीच्या रविवारी एकदा केंद्रापर्यंत जाऊन यावे. एकाच नावाच्या शाळेच्या दोन इमारती किंवा दोन प्रवेशद्वारे असतात आणि ऐनवेळी त्यातच पळापळ होते.

पिशवीत प्रवेशपत्र, एकाच रंगाच्या शाईची दोन-तीन चालणारी बॉलपेने, साधे घड्याळ, पॅड, पाण्याची बाटली आणि डबा असावा. नवेकोरे पेन आदल्या रात्री कागदावर चालवून पाहावे. डबा रोजच्या जेवणातला असावा, पोळी-भाजी उत्तम. गाडीवरचे खाणे त्या दिवशी टाळावे. केंद्रावर किमान पाऊण तास आधी पोहोचावे आणि वर्गात शिरण्यापूर्वी मुलाला स्वच्छतागृहात नेऊन आणावे.

दोन पेपरांच्या मधल्या वेळेतही चुका होतात. फाटकापाशी उभे असलेले पालक मुले बाहेर येताच प्रश्नपुस्तिका उघडतात आणि उत्तरे ताडून पाहू लागतात. पहिला पेपर बदलता येत नाही, पण चार उत्तरे चुकली हे कळलेले मूल दुसऱ्या पेपरमध्ये पहिली वीस मिनिटे तोच हिशेब करत बसते. प्रश्नपुस्तिका पिशवीत घालून चेन लावावी, डबा खाऊ द्यावा, सावलीत बसू द्यावे. ‘पेपर कसा गेला’ एवढाच प्रश्न पुरे, आणि मुलाने उत्तर द्यायचे टाळले तर तोही पुन्हा विचारू नये.

## टप्पा ९: परीक्षेनंतरची कागदपत्रे

दोन्ही प्रश्नपुस्तिका आणि उत्तरपत्रिकेची दुय्यम प्रत मिळाली असेल तर ती, निकाल लागेपर्यंत त्याच फाइलमध्ये जपून ठेवावी. परीक्षेनंतर परिषद आपल्या संकेतस्थळावर अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते आणि ठरावीक मुदतीत तिच्यावर ऑनलाइन आक्षेप घेता येतात. आक्षेप नोंदवताना संच आणि प्रश्न क्रमांक अचूक लिहावा आणि पाठ्यपुस्तकाचे नाव व पान यांचा पुरावा जोडावा. ‘क्लासच्या सरांनी वेगळे उत्तर सांगितले’ हा पुरावा होत नाही. आक्षेपांचा विचार करून अंतिम उत्तरसूची येते आणि निकाल तिच्यावर आधारलेला असतो. म्हणून अंतरिम सूचीवरून काढलेले गुण नातेवाइकांना कळवण्याची घाई करू नये.

अंतरिम निकालानंतर गुणपडताळणीसाठी अर्ज करण्याची मुदत थोडी असते. दुय्यम प्रतीवरील उत्तरे अंतिम उत्तरसूचीशी ताडून, फरक खरोखर दिसत असेल तरच शाळेमार्फत अर्ज करावा. मूल शिष्यवृत्तीधारक ठरले, तर रक्कम बँक खात्यात जमा होते. त्या खात्यावरील नाव शाळेतील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे आणि शाळेने पोर्टलवर भरलेला खाते क्रमांक व आयएफएससी कोड पासबुकाशी ताडून पाहिला पाहिजे. पुढच्या वर्षी मूल दुसऱ्या शाळेत जाणार असेल, तर नव्या शाळेला गुणपत्रक आणि खात्याची माहिती प्रवेश घेतानाच द्यावी, म्हणजे पुढील वर्षांचे हप्ते अडकून राहत नाहीत.